गाठीच्या आतली शेगडी

अंगात ताप भरला की घरात धावपळ सुरू होते. कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या, डॉक्टरांकडे खेपा, दर तासाला थर्मामीटर. आपले शरीर ३७ अंशांच्या आसपास चालणारे यंत्र आहे आणि ते ४० अंशांवर गेले की आपण अंथरूण धरतो. (या लेखातील सर्व तापमाने सेल्सिअस अंशांत आहेत.) अवघ्या तीन अंशांचा हा खेळ! मग हीच उष्णता शरीरातील एखाद्या नकोशा गोष्टीवर उलटवता येईल काय?

प्रश्न जुना आहे. सुश्रुतसंहितेत अग्निकर्मावर, म्हणजे तापवलेल्या शलाकेने डाग देण्यावर, स्वतंत्र अध्याय आहे. पण डागण्यात चांगले-वाईट सारेच जळते. १८६६ साली जर्मनीतील विल्हेल्म बुश या शल्यचिकित्सकांनी एक वेगळीच गोष्ट नोंदवली. त्यांच्या एका रुग्ण स्त्रीच्या चेहऱ्यावर कर्करोगाची गाठ होती. तिला धावरे हा त्वचेचा संसर्ग झाला, सडकून ताप आला आणि ताप ओसरल्यावर पाहतात तो गाठ नाहीशी झालेली! पुढे न्यूयॉर्कचे डॉ. विल्यम कोली यांनी १८९१ पासून कर्करोगाच्या रुग्णांना मुद्दाम असे जंतू टोचून पाहिले. काहींच्या गाठी विरल्या, काही जण त्या संसर्गानेच दगावले. यात श्रेय तापाचे की संसर्गाने जाग्या झालेल्या प्रतिकारशक्तीचे, हा वाद नंतर बरीच वर्षे चालला. पण उष्णतेकडे डॉक्टरांचे लक्ष वेधले गेले ते गेलेच.

आज आपल्याला याबद्दल बरेच अधिक ठाऊक आहे. तापमान ४२ ते ४६ अंशांच्या दरम्यान गेले की पेशीतील प्रथिनांच्या घड्या विस्कटू लागतात. पेशीच्या केंद्रकातील डी.एन.ए.ची मोडतोड दुरुस्त करणारी यंत्रणाही प्रथिनांचीच बनलेली असल्यामुळे तीही लुळी पडते. म्हणून किरणोपचाराच्या जोडीला उष्णता दिली तर किरणांनी केलेली जखम पेशीला सहजासहजी भरून काढता येत नाही. शिवाय गाठीच्या मध्यभागी ऑक्सिजन कमी पोचतो आणि अशा गुदमरलेल्या पेशी किरणांना फारशी दाद देत नाहीत. उष्णतेपुढे मात्र त्याच अधिक लवकर मान टाकतात. जेथे एक उपाय लंगडा पडतो तेथे दुसरा धावून येतो.

तापमान आणि वेळ यांचे एक सोपे गणितही हाती आले आहे. सॅपरेटो व ड्यूई या संशोधकांनी १९८४ साली मांडलेल्या नियमानुसार, ४३ अंशांच्या वर दर एक अंशाला लागणारा वेळ निम्मा होतो. ४३ अंशांवर जे काम ६० मिनिटांत होते ते ४४ अंशांवर ३० मिनिटांत आणि ४५ अंशांवर १५ मिनिटांत होते. यातील गंमत आणि धोका दोन्ही लक्षात घ्या. हवा असलेला परिणाम अगदी चिंचोळ्या पट्टीत आहे. दोन अंश कमी पडले तर गाठीला फक्त ऊब मिळाली असे होईल, आणि शेजारच्या निरोगी भागात दोन-तीन अंश जास्त झाले तर तोही भाजेल. हवी तेथेच आणि हवी तेवढीच उष्णता देणे, एवढाच सारा प्रश्न आहे. तो वैद्यकाचा जितका आहे तितकाच पदार्थविज्ञानाचाही आहे, म्हणून त्यात शिरू या.

बाहेरून शेकून का चालत नाही?

पोटाच्या आत खोलवर असलेली गाठ बाहेरून शेकली तर प्रथम कातडी तापेल, मग चरबी, मग स्नायू. आणि वाटेत रक्तप्रवाह ही उष्णता सतत वाहून नेत राहील. गाडीच्या इंजिनाला जसे रेडिएटरचे पाणी, तसे शरीराला रक्त. गाठीपर्यंत ४३ अंश पोचवायचे तर कातडी पोळून निघेल. रेडिओलहरी किंवा स्वनातीत ध्वनिलहरी वापरून उष्णता थोडी आत नेता येते आणि तशी उपकरणे वापरातही आहेत. पण लहरींच्या वाटेत हाड किंवा हवेची पोकळी आली की हिशेब बिघडतो.

यावर उत्तम तोड म्हणजे शेगडी गाठीच्या आतच नेऊन ठेवणे. पण मग शेगडीला इंधन कसे द्यायचे? तारा तर जोडता येणार नाहीत. म्हणजे शरीर ज्याला अडवत नाही, ज्याच्याकडे जणू लक्षच देत नाही, असे काहीतरी बाहेरून पाठवायला हवे आणि आत ठेवलेल्या शेगडीने मात्र ते ओळखायला हवे.

असे एक साधन निसर्गात आहे, ते म्हणजे चुंबकीय क्षेत्र. टाचणीजवळ चुंबक धरा आणि मध्ये आपला तळहात घाला. टाचणी ओढली जाते आणि हाताला काहीच कळत नाही. मांस, हाड, चरबी, रक्त हे सारे चुंबकीय क्षेत्राला जवळजवळ काचेसारखे पारदर्शक आहे. लोखंडाला मात्र ते लगेच कळते.

अमेरिकेतील शिकागो येथील शल्यचिकित्सक आर. के. गिलख्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली नेमका हाच विचार केला. मोठ्या आतड्याचा कर्करोग शस्त्रक्रियेने काढून टाकला तरी जवळच्या लसिका-ग्रंथींत तो लपून राहतो आणि पुन्हा डोके वर काढतो, ही त्यांची अडचण होती. त्यांनी लोह ऑक्साइडाचे २० ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण घेतले, ते ग्रंथींपर्यंत पोचवून पाहिले आणि सेकंदाला १२ लक्ष वेळा उलटसुलट होणारे चुंबकीय क्षेत्र लावले. ग्रंथी तापल्या. ‘नॅनो’ हा शब्द वर्तमानपत्रांत झळकायला अजून काही दशके अवकाश होता, तेव्हाची ही गोष्ट आहे. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

लोखंड का तापते?

येथे ‘उलटसुलट होणारे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. नुसता चुंबक जवळ धरून काही तापत नाही. रुग्णालयातील एम.आर.आय. यंत्राचे स्थिर चुंबकीय क्षेत्र फार प्रबळ असते. पण स्थिर असल्यामुळे ते कणांना एका दिशेला वळवून गप्प बसते. एकदा वळवले, काम संपले. उष्णता हवी असेल तर कणांना पुन:पुन्हा वळवायला लावले पाहिजे. असे सतत दिशा बदलणारे क्षेत्र वेटोळ्यातून प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह सोडून मिळते.

जाड तारेचा तुकडा घ्या आणि एकाच ठिकाणी तो मागे-पुढे दहा-वीस वेळा वाकवा. वाकलेली जागा गालाला लावून पाहा, गरम लागेल. तार दर वेळी थोडी विरोध करते आणि तो विरोध मोडण्यासाठी तुम्ही केलेले कार्य उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. लोखंडाचे चुंबकीकरण मागे-पुढे केले तर तसेच होते. क्षेत्र उलटले तरी लोखंडाचे चुंबकत्व जागच्या जागी उलटत नाही, ते मागे रेंगाळते. या रेंगाळण्याला हिस्टेरेसिस हे नाव जेम्स यूइंग या स्कॉटिश शास्त्रज्ञाने दिले. तो तेव्हा जपानमध्ये टोकियो येथे शिकवत होता. मराठीत त्याला मंदायन म्हणतात. विजेच्या खांबावरील ट्रान्सफॉर्मर तापतो त्यात या मंदायनाचाही हात असतो. विद्युत अभियंत्यांनी शंभर वर्षे खपून, लोखंडात सिलिकॉन मिसळून ही नासाडी कमी करत आणली. आणि येथे आपल्याला नेमकी तीच नासाडी हवी आहे! एकाचा कचरा तो दुसऱ्याचे इंधन, असा हा प्रकार आहे.

अनेकांच्या घरी इंडक्शन शेगडी असते. तिच्या काचेखाली वेटोळे असते आणि सेकंदाला वीस-तीस हजार वेळा उलटणारे क्षेत्र पातेल्याचा तळ तापवते. हे उदाहरण जवळचे आहे, पण एक फरक विसरू नये. पातेल्यात उष्णता मुख्यतः त्याच्या बुडात भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या विद्युतप्रवाहांमुळे निर्माण होते. आपला कण इतका लहान आहे की त्याच्यात असे भोवरे नावापुरतेच उठतात. तो तापतो तो रेंगाळण्यामुळे.

आता या कणाच्या आत डोकावू. नेहमीच्या लोखंडाच्या तुकड्यात असंख्य लहान-लहान चुंबकीय प्रदेश असतात आणि प्रत्येकाची दिशा वेगळी असते. कण पुरेसा लहान केला की त्यात असा एकच प्रदेश मावतो आणि संपूर्ण कण हा एकच चिमुकला चुंबक होतो. फ्रान्सचे लुई नील यांनी १९४९ साली दाखवून दिले की असा कण आणखी लहान केला तर केवळ सभोवतालच्या उष्णतेच्या धक्क्यांनीच त्याचे चुंबकत्व आपोआप इकडून तिकडे उलटू लागते. (नील यांना चुंबकत्वावरील कार्यासाठी १९७० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.) या अवस्थेला सुपरपॅरामॅग्नेटिक अवस्था म्हणतात. डॉक्टरांच्या दृष्टीने ती सोयीची आहे. बाहेरचे क्षेत्र बंद केले की कणांत चुंबकत्व शिल्लक राहत नाही, त्यामुळे ते एकमेकांना चिकटून रक्तवाहिनीत गुठळी करण्याची भीती कमी होते.

पण मग उष्णता किती मिळणार? ते ठरते कणाला उलटायला लागणाऱ्या वेळावर. शाळेतील कवायत आठवा. सर ‘डावीकडे वळ’, ‘उजवीकडे वळ’ असे हुकूम भराभर देत आहेत. काही मुले इतकी चपळ की हुकूम सुटताच वळून मोकळी होतात. त्यांच्याशी सरांना काहीच झगडावे लागत नाही. काही इतकी सुस्त की पहिला हुकूम डोक्यात शिरेपर्यंत दुसरा येतो, आणि ती जागची हलतच नाहीत. त्यांच्यावरही सरांची शक्ती खर्च होत नाही. खरी दमछाक होते ती मधल्या मुलांमुळे. ती वळतात, पण नेहमी अर्धा हुकूम मागे. सर उजवीकडे म्हणतात तेव्हा ही अजून डावीकडे निघालेली! चुंबकीय क्षेत्राची ऊर्जा अशाच मधल्या कणांत सर्वांत जास्त खर्ची पडते आणि तीच उष्णता होते.

हा ‘मधलेपणा’ किती नाजूक आहे ते पाहा. मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडाचा १२ नॅनोमीटर व्यासाचा कण घेतला तर त्याला उलटायला, ढोबळ हिशेबाने, सेकंदाचा पन्नास लाखावा भाग लागतो. व्यास १६ नॅनोमीटर केला तर हाच वेळ हजारपटीहून अधिक वाढतो! कारण हा वेळ कणाच्या आकारमानाबरोबर सरळ नव्हे तर घातांकाने वाढतो. सेकंदाला १ लक्ष वेळा उलटणाऱ्या क्षेत्रासाठी १२ चा कण फार चपळ आणि १६ चा फार सुस्त. योग्य माप १४ च्या आसपास पडते. म्हणून हे कण बनवणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांचे मला नेहमी कौतुक वाटते. माणसाच्या केसाच्या जाडीत असे पाच हजारांहून अधिक कण शेजारी-शेजारी बसतील, आणि त्यातील प्रत्येकाचे माप एक-दोन नॅनोमीटरच्या आत सांभाळायचे!

वारंवारता वाढवायला हरकत काय?

तुम्ही म्हणाल, क्षेत्र आणखी वेगाने उलटवा आणि आणखी जोरकस करा, म्हणजे उष्णताही भरपूर मिळेल. खरे आहे. पण शरीर चुंबकीय क्षेत्राला पारदर्शक असले तरी ते खारट पाण्याने भरलेले आहे आणि खारे पाणी वीज वाहून नेते. त्यामुळे इंडक्शन शेगडीवरच्या पातेल्यात उठतात तसे भोवरा-प्रवाह आपल्या शरीरातही उठतात. त्यांची उष्णता क्षेत्राची तीव्रता, वारंवारता आणि शरीराच्या त्या भागाची त्रिज्या या तिघांच्या गुणाकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. क्षेत्र दुप्पट केले की ही नको असलेली उष्णता चौपट! आणि वारंवारता फार कमी ठेवली तर दुसरेच संकट: मज्जातंतू व स्नायू उत्तेजित होतात. म्हणून वारंवारता साधारणतः ५० किलोहर्ट्झच्या वर ठेवतात.

१९८० च्या दशकात अमेरिकेत ब्रेझोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या छातीभोवती एकाच फेऱ्याचे वेटोळे ठेवून ही मर्यादा मोजली. क्षेत्राची तीव्रता (मीटरला किती अँपिअर) आणि वारंवारता यांचा गुणाकार ४८ कोटी ५० लक्ष होईपर्यंत माणसे तासाभराहून अधिक वेळ फारसा त्रास न होता बसू शकली. म्हणजे वारंवारता १ लक्ष असेल तर तीव्रता ४,८५० अँपिअर प्रति मीटर. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे दीडशेपट. सध्या यंत्रे बनवणारे या मर्यादेपलीकडेही जाऊन पाहतात, विशेषतः शरीराच्या लहान भागांसाठी. परंतु लगाम हाच आहे.

एक कण काय करू शकतो?

आता मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते त्याकडे येतो. ‘चिमुकले चुंबकीय सैनिक कर्करोगाच्या पेशी एकेक शोधून जाळतात’ असे वर्णन आपण अनेकदा वाचतो. ते खरे मानायचे की नाही, हे अकरावीचा विद्यार्थीही कागद-पेन्सिल घेऊन तपासू शकतो.

प्रयोगशाळेत चांगले कण ग्रॅममागे सुमारे १०० वॉट उष्णता देतात. १४ नॅनोमीटर व्यासाच्या मॅग्नेटाइट कणाचे आकारमान काढा, त्याला घनतेने (दर घन सेंटिमीटरला ५.२ ग्रॅम) गुणा, आणि मग एका कणाला किती वॉट येतात ते पाहा. उत्तर इतके लहान येते की त्या कणाच्या पृष्ठभागाचे तापमान सभोवतालच्या पाण्यापेक्षा एका अंशाच्या सुमारे दहा कोटीव्या भागाने वाढेल. आपल्याला तर सहा अंश हवे आहेत! कण निर्माण करतो ती उष्णता तो स्वतःजवळ ठेवूच शकत नाही. तो इतका लहान आहे की ती लगेच निसटून जाते. एकटा कण कोणालाही जाळत नाही.

मग हे जमते कसे? संख्येने. एका घन सेंटिमीटर गाठीत ५ मिलिग्रॅम कण घातले तर त्यांची संख्या साडेसहा कोटी कोटीच्या घरात जाते. रुग्णाला सोसेल अशा क्षेत्रात उष्णता ग्रॅममागे १०० ऐवजी २० वॉटच मिळाली असे धरू. तरी त्या घन सेंटिमीटरला एकूण ०.१ वॉट मिळतात. एक ग्रॅम मांस एक अंशाने तापवायला सुमारे ४ ज्यूल लागतात. सहा अंशांना २४. उष्णता मुळीच निसटली नाही तर हे चार मिनिटांत होईल. विजेरीच्या दिव्याहूनही कमी शक्तीत!

पण उष्णता निसटते, आणि गाठ जितकी लहान तितकी अधिक वेगाने. तापणाऱ्या गोळ्याच्या पृष्ठभागावरील तापवाढ त्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. रक्तप्रवाह बाजूला ठेवून केवळ उष्णतेच्या वहनाचा विचार केला तर एक सेंटिमीटर त्रिज्येच्या गाठीत घन सेंटिमीटरला ०.१ वॉट दिल्यावर तिची कड सुमारे सहा-सात अंशांनी तापते. त्रिज्या एक मिलिमीटर असेल तर तेवढ्याच ०.१ वॉटने ती एका अंशाच्या पंधराव्या भागानेही धड तापत नाही! शरीरभर विखुरलेल्या सुट्या पेशींची तर बातच नको.

कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुसंख्य मृत्यू तो शरीरभर पसरल्यामुळे होतात, हे आठवले म्हणजे या हिशेबाचे गांभीर्य कळते. ही पद्धत एका जागी असलेल्या, पुरेशा मोठ्या आणि कणांनी भरता येणाऱ्या गाठीसाठी आहे. घरात कोणी आजारी असले की माणूस प्रत्येक नव्या बातमीला धरून बसतो. बातमी देणाऱ्याने हा गोळ्याचा हिशेब पाहिलेला असला पाहिजे.

बर्लिनमधील रुग्ण

अशी गाठ कोठे असते? मेंदूतील ग्लायोब्लास्टोमा हा कर्करोग सहसा मेंदूबाहेर पसरत नाही, पण शस्त्रक्रियेनंतर त्याच जागी पुन्हा उगवतो आणि नेहमीचे सारे उपचार करूनही रुग्ण सरासरीने सुमारे सव्वा वर्षच जगतात. जर्मनीतील बर्लिन येथे आन्द्रेआस योर्डान यांनी १९९० च्या दशकात चुंबकीय द्रवांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि २००३ पासून तेथे रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. कण पाण्यात मिसळलेला, शाईसारखा काळा द्रव कवटीला लहान छिद्र पाडून सुईने थेट गाठीत सोडायचा. सोबत तापमान मोजण्यासाठी बारीक नळी ठेवायची. मग रुग्णाचे डोके सेकंदाला १ लक्ष वेळा उलटणाऱ्या क्षेत्रात ठेवायचे. तासाभराच्या अशा सहा बैठका आणि जोडीला किरणोपचार.

या चाचणीतील ६६ रुग्णांचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील ५९ जणांचा रोग उलटलेला होता. रोग उलटल्यापासून मध्यम आयुष्य १३.४ महिने भरले. अशा रुग्णांच्या जुन्या नोंदींत ते सुमारे सहा महिने होते. युरोपात या उपचारास मान्यताही मिळाली.

हे आकडे आशादायक आहेत, पण त्यावर टाळ्या वाजवण्यापूर्वी एक गोष्ट पाहिली पाहिजे. या चाचणीत तुलनेसाठी कण न दिलेला समांतर गट नव्हता. तुलना जुन्या नोंदींशी होती. नव्या चाचणीसाठी निवडलेले रुग्ण मुळातच थोडे धडधाकट असू शकतात, त्यांची शुश्रूषाही अधिक काळजीने होते. त्यामुळे वाढलेल्या महिन्यांपैकी किती उष्णतेचे, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. आणि त्रासही कमी नव्हते. उपचाराच्या जागेपासून ४० सेंटिमीटरच्या आत कोणताही धातू चालत नाही, म्हणून रुग्णांचे दातांतील धातूचे भरण आणि टोप्या आधी काढाव्या लागत. गाठीत राहिलेले लोह एम.आर.आय.चे चित्र खराब करते, म्हणून रोग पुन्हा वाढतो आहे का हे त्या उत्तम साधनाने पाहण्याची वाटच बंद होते. मेंदूच्या रोग्याच्या बाबतीत ही फार मोठी किंमत आहे. हा उपचार विकणारी जर्मन कंपनी २०२२ साली दिवाळखोरीत गेली.

लोह शरीरात राहिल्याने विषबाधा होत नाही काय, असे विद्यार्थी हमखास विचारतात. प्रौढ माणसाच्या शरीरात मुळातच तीन-चार ग्रॅम लोह असते आणि लोह ऑक्साइडाचे कण हळूहळू फोडून ते वापरण्याची सोय शरीरात आहे. अशाच कणांचे एक औषध रक्तक्षयावर टोचण्यास अमेरिकेत २००९ मध्ये परवानगी मिळाली. या आघाडीवर चिंता कमी आहे.

पोचायचे कसे, थांबायचे कसे?

सुईने टोचण्याऐवजी कण रक्तात सोडावेत आणि त्यांनी आपण होऊन गाठ गाठावी, ही कल्पना मोहक आहे. कॅनडातील टोरोंटो येथील संशोधकांनी २०१६ साली प्राण्यांवरील मागील दहा वर्षांचे प्रयोग एकत्र करून पाहिले. रक्तात सोडलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचे मध्यम प्रमाण शेकडा ०.७ निघाले. शंभरातला एकही नाही! बाकीचे बरेचसे यकृत आणि प्लीहा पकडून ठेवतात, कारण रक्तातला कचरा गाळणे हे त्यांचे कामच आहे. अशा रुग्णाला क्षेत्रात ठेवले तर गाठीआधी यकृत तापेल.

यावर एक युक्ती वेगळ्याच शोधातून आली. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे २००५ साली चुंबकीय कणांचेच चित्र काढण्याची एक पद्धत निघाली. तीत स्थिर चुंबकांची मांडणी अशी असते की मधल्या एका बिंदूवर त्यांची क्षेत्रे एकमेकांना रद्द करतात. त्या बिंदूबाहेरचे कण स्थिर क्षेत्राने घट्ट धरून ठेवलेले असतात, त्यांना उलटताच येत नाही. उलटसुलट क्षेत्र सर्वत्र असूनही तापतात ते फक्त त्या बिंदूपाशी मोकळे असलेले कण. बिंदू हलवला की तापण्याची जागा हलते. लहान प्राण्यांवर हे करून पाहिले गेले आहे.

दुसरी युक्ती थांबण्याची. मॅग्नेटाइट ५८५ अंशांपर्यंत आपले चुंबकत्व सोडत नाही. या तापमानाला क्यूरी तापमान म्हणतात. पण समजा असा पदार्थ घेतला की ज्याचे क्यूरी तापमान ४५ अंशांच्या आसपास आहे. तो क्षेत्रात तापेल, ४५ च्या जवळ येताच त्याचे चुंबकत्व मावळेल आणि तापणे आपोआप थांबेल. थोडा निवला की पुन्हा सुरू. इस्त्रीतला थर्मोस्टॅट प्रत्येक कणात बसवल्यासारखेच हे झाले. लॅन्थॅनम, स्ट्राँशियम आणि मँगॅनीज यांच्या संयुक्त ऑक्साइडात घटकांचे प्रमाण बदलून क्यूरी तापमान खाली आणता येते. या पदार्थावर मुंबईच्या आय.आय.टी.त आणि कोल्हापूरच्या डी. वाय. पाटील विद्यापीठातही काम झाले आहे. अडचण अशी की क्यूरी तापमान जवळ आणले की चुंबकत्वही मुळातच क्षीण होते आणि ग्रॅममागे मिळणारे वॉट घटतात. मग तेवढ्याच गाठीत अधिक कण भरावे लागतात, आणि लॅन्थॅनम किंवा मँगॅनीज हे काही लोहाप्रमाणे शरीराने सहज सामावून घ्यावे असे पाहुणे नव्हेत. म्हणून या कणांवर सिलिका किंवा बहुवारिकाचे पातळ आवरण चढवून ते पेशींना कितपत सोसते, हे आधी काचेच्या बशीत तपासले जाते.